फुलंब्रीची ‘आपली जीप’ : दमणीपासून काळी-पिवळीपर्यंत

आजचा धागा जरा दीर्घ आहे. विषय लढायांचा वा तहनाम्यांचा नाही. जुन्या गाड्यांचा आहे.

आमच्या घरी एक लग्नाचा अल्बम आहे. त्यातील रंग विटलेल्या एका छायाचित्रात फुलंब्रीच्या रस्त्याकडेला एक जीप उभी आहे. बॉनेटवर झेंडूची माळ, पुढच्या काचेवर वधूवरांच्या नावांचा कागद, टपावरच्या कॅरिअरला दोराने आवळलेल्या गाद्या आणि रुखवताच्या पेट्या. जीपसमोर सतरा माणसे दाटीवाटीने उभी आहेत. नंबर प्लेटवर ‘एमएच २०’ एवढेच वाचता येते. लहानपणापासून मी या गाडीचा उल्लेख ‘आपली जीप’ असाच ऐकत आले. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मौखिक इतिहासाचा प्रकल्प करताना प्रथमच मला विचारावेसे वाटले, की ती आपण विकत कधी घेतली? आजी म्हणाली, “आपलीच व्हती ना ती.” शेजारी बसलेले काका हसले. “आई, भाड्यानं केलेली गाडी व्हती ती. दोन दिसांसाठी.”

त्या ‘आपली’ या एका शब्दाचा शोध म्हणजे हा धागा.

गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर जुन्या कौटुंबिक गाड्यांविषयीचे स्मरणरंजन ओसंडून वाहत आहे. अमेरिकेतील लोक लाकडी पट्ट्या लावलेल्या लांबलचक स्टेशन वॅगनची छायाचित्रे टाकतात; आपल्याकडे मारुती व्हॅन, सुमो, क्वालिस, मेटॅडोर, कमांडर यांची टाकली जातात. (स्मरणरंजनासाठीचा ‘नॉस्टॅल्जिया’ हा पाश्चात्त्य शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथील आपल्या प्रबंधात एका आजाराचे नाव म्हणून घडवला. घरापासून दूर गेलेल्यांना जडणारा तो आजार समजला जाई. प्रबंध लिहिणाऱ्यांनी लोकांना नवे आजार द्यावेत ही परंपरा जुनीच दिसते.) या साऱ्या आठवणींत एक गृहीतक असते: गाडी घरची होती, वडील चालवत होते, आई शेजारी, मुले मागे. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी हे चित्र बहुसंख्य घरांना लागू पडत नाही. तरीही आठवण तितकीच उत्कट आहे. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रथम ‘स्टेशन वॅगन’ हा शब्दच पाहा. यातील स्टेशन म्हणजे रेल्वेचे स्टेशन. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उतारू आणि त्यांचे सामान स्थानकावरून हॉटेलात किंवा घरी पोहोचविण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी हौदा चढवलेल्या गाड्या वापरात आल्या. त्यांना ‘डेपो हॅक’ असेही म्हणत. हॅक म्हणजे भाड्याचे वाहन. जी गाडी पुढे अमेरिकी खासगी कुटुंबाचे प्रतीक ठरली, तिचा जन्म भाड्याच्या धंद्यात झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, घराघरांत मोटार आली आणि वॅगन भाड्याच्या धंद्यातून घराच्या अंगणात गेली. १९४६ मध्ये विलीज कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाकडून संपूर्ण पोलादी कायेची जीप स्टेशन वॅगन करवून घेतली. हे विलीज नाव लक्षात ठेवा. ते लवकरच मुंबईत भेटणार आहे.

आपल्याकडे स्टेशनवरून माणसे घरी नेण्याचे काम बैलगाडी आणि टांगा करीत. सधन घरांत लेकीबाळींच्या प्रवासासाठी छत घातलेली दमणी असे. दिवाळी-पंचमीला सासुरवाशिणीला आणायला मुराळी निघे तो दमणी वा छकडा जुंपून. ज्याच्याकडे दमणी नसे तो भावकीतली मागून नेई. म्हणजे वाहन एका घराचे आणि उपयोग चार घरांचा, ही रीत मोटारीपूर्वीचीच आहे.

या रीतीची दुसरी बाजू मात्र अल्बममध्ये सापडत नाही. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघालेला बाल भीमराव आणि त्याच्यासोबतची मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा जात समजताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालू. १९२९ मध्ये बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सदस्य असलेले डॉ. आंबेडकर चाळीसगावला उतरले. टांगेवाल्याने त्यांना नेण्यास नकार दिला. तेव्हा वस्तीतील एकाने, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता, लगाम हाती घेतला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवले आहेत. चाळीसगाव आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. गाडीत कोण बसू शकतो हा प्रश्न आपल्या मुलखात गाडी कोणती, या प्रश्नाच्या आधी येतो.

आता मोटारीकडे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तो २७ बसगाड्यांनिशी. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हा फुलंब्री अजून निजामाच्या राज्यात होती. पोलीस कारवाई व्हायला साडेतीन महिने अवकाश होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि यथावकाश लाल डबा आपला झाला. फुलंब्रीला रेल्वे नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथून सुमारे ३० किलोमीटर. मध्ये चौक्याचा घाट. अजिंठ्याकडे जाणाऱ्या या हमरस्त्यावर बस मिळे. हमरस्ता सोडून आत असलेल्या गावांत मात्र दिवसातून एखाददुसरी फेरी, आणि तीही पावसाळ्यात ओढ्याच्या मर्जीवर.

याच पोकळीत पुढे जीप शिरली. पण आधी तिचा मुंबईचा जन्मदाखला. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ करण्यात आले. अमेरिकेच्या त्याच विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी करण्याचे काम स्वातंत्र्याच्या सुमारास या पेढीने मुंबईत हाती घेतले. विलीजची स्टेशन वॅगन तिकडे अमेरिकी उपनगरांत गेली. तिची रांगडी बहीण इकडे आली आणि सरकारी सेवेत लागली.

सरकारी सेवेत, हे महत्त्वाचे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या, आणि खेड्याने जीप पाहिली ती साहेबाची आणि सभापतींची. धुरळा उडाला की कोणीतरी मोठा माणूस आला असे समजायचे. आमच्याकडच्या वृद्ध मंडळींच्या बोलण्यात जीप दोन पूर्णतः भिन्न रूपांत येते. एक वसुलीला, पाहणीला, निवडणुकीला येणारी. तिच्यापासून चार हात दूर राहायचे. दुसरी वऱ्हाड नेणारी. तिच्या फाळक्यावर लटकायचे. या दोन जीपगाड्यांमध्ये तीसएक वर्षांचे अंतर आहे.

ते अंतर भरून काढले टेम्पोने. ‘टेम्पो’ हे मुळात एका जर्मन कंपनीचे व्यापारी नाव, हे आपण पार विसरून गेलो आहोत. हॅम्बुर्गची विडाल अँड झोन ही कंपनी टेम्पो या नावाने तीनचाकी आणि छोट्या मालमोटारी बनवी. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि पुढे आकुर्डीला तिचा कारखाना झाला. (नवलमल यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे सभापती होते. कारखानदारी आणि राजकीय चळवळ यांचे हे नगरी नाते स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) मराठीने त्या विशेषनामाचे सामान्यनाम करून टाकले. आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याकडे टेम्पोच असते, २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला ‘छोटा हत्ती’ हे स्वतंत्र नाव मिळाले तरीही.

याच कंपनीची मेटॅडोर १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. व्हॅन या संकल्पनेची मराठी ग्रामीण भागाशी ओळख तिने करून दिली. सकाळी भाजीपाला, दुपारी सिमेंट, संध्याकाळी भजनी मंडळ आणि लग्नसराईत वऱ्हाड. पुढे १९८० च्या दशकात मर्सिडीजच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेऊन बनवलेले इंजिन कंपनीच्या हाती आले आणि ट्रॅक्स, टेम्पो ट्रॅव्हलर ही कुळे जन्मली. ट्रॅक्सचे ‘तूफान’ आणि ‘क्रूझर’ हे अवतार मराठवाड्यात इतके रुजले, की लग्नाला ‘दोन क्रूझर केल्या’ म्हटले की वऱ्हाड किती हे ऐकणाऱ्याला समजते. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. शब्द मात्र गेला नाही.

आता या कथेचा गाभा, म्हणजे काळी-पिवळी.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये दोन व्याख्या आहेत. चालक वगळून सहापर्यंत उतारू नेणारी ती मोटर कॅब. सहाहून अधिक परंतु बारापर्यंत उतारू नेणारी ती मॅक्सी कॅब. कायद्याने वाहतुकीचे आणखी दोन प्रकार मानले आहेत. वाटेत चढणाऱ्या-उतरणाऱ्या उतारूंकडून स्वतंत्र भाडे घेणारी ती टप्पा वाहतूक, आणि संपूर्ण गाडी एका कराराने नेणारी ती कंत्राटी वाहतूक. टप्पा वाहतूक ही प्रामुख्याने एसटीची मक्तेदारी. त्यामुळे मंगळवारी फुलंब्री ते सिल्लोड अशी माणसामागे भाडे घेणारी जीप वर्तमानपत्रात ‘अवैध प्रवासी वाहतूक’ ठरे आणि बुधवारी तीच जीप, तोच चालक, वऱ्हाड घेऊन निघाला की वैध. गाडीत बसणाऱ्यांच्या लेखी दोन्ही दिवस एकच होते.

आर्थिक बाजूही पाहा. डिझेलची किंमत ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकार नियंत्रित करी आणि पेट्रोल-डिझेलमधील तफावत मोठी असे. जास्त माणसे नेणाऱ्या डिझेल गाडीचे गणित त्यामुळे जमे. कर्जही उपलब्ध होऊ लागले. महिंद्राची वित्तकंपनी १९९१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘मॅक्सी मोटर्स फायनान्शिअल सर्व्हिसेस’ असे होते. कायद्यातील मॅक्सी कॅबची आठवण करून देणारे हे नाव. नव्वदच्या दशकात लांब कायेची कमांडर, मार्शल आणि ट्रॅक्स या गाड्या कर्जावर घेऊन तरुण मुले मार्गावर उतरली. कुणी शेताचा तुकडा विकला, कुणी बायकोचे दागिने गहाण ठेवले. काळ्या-पिवळ्या रंगाच्या जीपगाड्यांची रांग तालुक्याच्या गावी लागू लागली.

या रांगेची स्वतःची एक व्यवस्था होती आणि ती कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही. गाड्या ‘नंबरात’ लागत. पहिली भरल्याशिवाय दुसरीने सीट घ्यायची नाही. सीट म्हणजे माणूस. “दोन सिटा कमी हायेत, लगेच निघू” हे वाक्य अर्धा तास ऐकावे लागे. परवान्यात लिहिलेल्या संख्येला गाडी सुटत नसे. चालकाच्या उजव्या हातालाही एक माणूस दाराबाहेर अर्धा लोंबकळत बसे आणि चालक जवळजवळ मधोमध सरकलेला असे. गिअर टाकताना शेजाऱ्याला गुडघा वळवावा लागे. मागच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकडी, त्यांच्यामध्ये दुधाच्या किटल्या, कोंबड्या, खताची गोणी. फाळक्यावर पोरे उभी. टपावरही कोणीतरी असेच.

बसण्याचा क्रमही ठरलेला असे. पुढे प्रतिष्ठित पुरुष, मधल्या बाकावर बायका आणि लेकरे, मागे बाकीचे. हे कोणी सांगत नसे. मास्तर आले की पुढचा माणूस आपसूक मागे जाई. माझ्या आजीने आयुष्यात शेकडो वेळा जीपने प्रवास केला असेल. पुढच्या सीटवर ती कधीच बसली नाही. मी विचारल्यावर तिला प्रश्नच विचित्र वाटला.

आणि जात? एक भाडे, एक सीट हे तत्त्व टांग्याच्या काळाशी तुलना करता फार मोठे होते. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही ही चालकाची निकड जातीपेक्षा बलवत्तर ठरली, आणि मांडीला मांडी लावून बसल्यावाचून गत्यंतर नव्हते. माझ्या प्रकल्पात एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की एसटी आणि जीप या दोन ठिकाणी ते प्रथमच गावातल्या सवर्णांच्या खांद्याला खांदा लावून बसले. पण पुढची सीट कुणासाठी रिकामी होई आणि कुणासाठी नाही, हेही त्यांना पाठ होते. विटाळ जीपने संपवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तीस किलोमीटरपुरता तो सांभाळणे तिने अशक्य केले, एवढे म्हणता येईल.

रोजची काळी-पिवळी आणि अल्बममधली ‘आपली जीप’ ही बहुधा एकच गाडी होती. लग्न ठरले की ओळखीच्या चालकाला आधी सांगून ठेवायचे. तिथीच्या दिवशी चौफेर लग्ने असत, त्यामुळे जीप मिळणे हा हॉल मिळण्याइतकाच जिकिरीचा विषय होता. श्रावणात खुलताबादचा भद्रा मारुती आणि वेरूळचे घृष्णेश्वर, एरवी शिर्डी, क्वचित पंढरपूर किंवा तुळजापूर. मुराळी आता दमणीऐवजी जीप घेऊन जाऊ लागला. माहेरवाशिणीला मोजून आणायचे आणि मोजून पोहोचवायचे, भाडे माहेरच्यांनी द्यायचे.

याखेरीज एक प्रवास असा होता, की ज्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. अडलेली बाळंतीण, सर्पदंश, विष प्यालेला माणूस. रात्री-अपरात्री चालकाचे दार वाजवायचे, मागच्या हौद्यात गोधडी अंथरायची आणि चौक्याचा घाट उतरून शहरातील घाटी रुग्णालय गाठायचे. १९५६ मध्ये स्थापन झालेले हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय कित्येक तालुक्यांचा अखेरचा आधार होते, आजही आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. तोवर अनेक गावांची रुग्णवाहिका काळ्या-पिवळ्या रंगाचीच होती. ज्यांच्याशी मी बोलले त्यांतील बहुतेक स्त्रियांनी जीपची पहिली आठवण सांगितली ती लग्नाची नव्हे, या रस्त्याची. “तिसऱ्या खेपेला घाटातच झालं,” असे एक बाई सहज बोलून गेल्या आणि चहा ओतत राहिल्या.

ज्यांच्याकडे खरोखरच घरची गाडी होती त्यांची कथा तुलनेने थोडक्यात सांगता येते, कारण ती सगळ्यांनी लिहिली आहे. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. चार वर्षांनी तिचे नाव ओम्नी झाले. सरकत्या दारामुळे ती हिंदी चित्रपटांत अपहरणकर्त्यांची लाडकी ठरली, प्रत्यक्षात शाळकरी मुले, डॉक्टर आणि छोटे दुकानदार यांची. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. तिचे नाव जपानी मल्लांवरून नव्हे, टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. (मुळगावकर दुपारी ढाब्यावर ट्रकचालकांसोबत जेवत असत म्हणून गाडीला त्यांचे नाव दिले, ही समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरणारी कथा मला सुरस वाटते, तिला आधार म्हणून फक्त पुढे ढकललेले संदेशच सापडतात.) २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली आणि पाच वर्षांत इनोव्हाला जागा देऊन गेली. या गाड्या आमच्याकडे होत्या त्या कंत्राटदारांकडे, बड्या बागायतदारांकडे आणि पुढाऱ्यांकडे. सुमोत बसलेला माणूस जीपला रस्ता देत नसे.

खरीखुरी, पाश्चात्त्य वळणाची स्टेशन वॅगनही आपल्याच जिल्ह्यात अवतरली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाजारात आणली आणि काही वर्षांनी तिची कॉम्बी ही वॅगनही विकायला काढली. टाटांची एस्टेट १९९२ ची, इंडिगो मरिना २००४ ची. मारुतीचीही बलेनो अल्टुरा होती. एकही टिकली नाही. मोटारीला मागे लांबवलेली पाठ ग्राहकांना शववाहिकेसारखी वाटते, असे स्पष्टीकरण हमखास दिले जाते. मला ते अपुरे वाटते. चार माणसांच्या घराला, सामानासाठी मोठी जागा हवी, ही वॅगनमागची कल्पना होती. आपल्याकडे मागे जागा दिसली की तिथे आणखी तीन माणसे बसतात. वॅगनचे काम करणारी गाडी इथे आधीपासून होती आणि तिच्यात बाकडी बसवलेली होती.

काळी-पिवळीला उतरती कळा कशाने लागली? पहिले उत्तर पुन्हा आपल्याच जिल्ह्यात आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढील दोन-तीन दशकांत हप्त्यावरची मोटारसायकल गावोगावी पोहोचली. जो तरुण जीपच्या फाळक्यावर उभा राही त्याच्याकडे स्वतःची दुचाकी आली. नवरा, बायको आणि दोन मुले तिच्यावर मावू लागली. जीपचा रोजचा उतारू असा एकेक करून गळाला. डिझेल महागले. अजिंठा रस्त्याचे काँक्रीटीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्या खड्ड्यांत जुन्या गाड्यांचे पाटे व इंजिने खिळखिळी झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा प्रदीर्घ संप चालला, तेव्हा शासनाने खासगी वाहनांना उतारू नेण्याची मुभा दिली. काल अवैध असलेली जीप आज जनतेची सोय झाली. तो या व्यवसायाचा अखेरचा सुगीचा काळ म्हणावा लागेल. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट झाले आणि मधले बाकडे रिकामे पडले. आजीच्या शब्दांत, “अर्ध्या तिकिटात खिडकीपाशी बसाया मिळतं.” या निवडीबद्दल तिला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही.

सुमो आणि ओम्नी या दोघींचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. सुरक्षिततेचे आणि प्रदूषणाचे नवे निकष पाळून त्या गाड्या टिकणे शक्य नव्हते. हे वाईट झाले असेही म्हणवत नाही. स्मरणरंजन करताना आपण विसरतो, की त्या हौद्यात एकही पट्टा नव्हता, बाकडी आडवी होती, आणि घाटात गाडी कलंडली की मागचा माणूस आधी बाहेर फेकला जाई. फाळक्यावरून पडून गेलेला एखादा मुलगा बहुतेक प्रत्येक गावात आहे. त्याचे छायाचित्र दुसऱ्या भिंतीवर, हार घातलेले असते. जुन्या जीपवर लिहिणाऱ्यांनी त्या भिंतीकडेही पाहावे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आता तातडीची बाब. या गाड्या झपाट्याने नाहीशा होत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली, म्हणजे पंचायत समितीची जुनी जीप भंगारात गेली वा जाणार. खासगी जुन्या गाड्यांचेही आयुष्य सरत आले आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाल्याने देवनागरी वळणाचे आकडे, गावाचे नाव, कुलदैवताची ओळ लिहिलेल्या हाताने रंगवलेल्या प्लेटाही जात आहेत. गावोगावच्या पेंटरांच्या हस्ताक्षराचा तो संग्रह होता.

घरच्या अल्बमवर काम करू इच्छिणाऱ्यांना एक उपयुक्त खूण सांगते. छायाचित्रातील प्लेटवर ‘एमएच’ आणि पुढे जिल्ह्याचा आकडा असेल तर नोंदणी १९८९ किंवा त्यानंतरची. नुसतीच ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि आकडे असतील तर त्यापूर्वीची. ‘एमएच २०’ म्हणजे आपला जिल्हा. याने गाडीचा काळ कळतो, छायाचित्राचा नव्हे. तो मात्र त्या क्षणापूर्वीचा असू शकत नाही. लग्नपत्रिका मिळाली तर तिथी जुळवून पाहा. कॅरिअर, हूड आणि टपाची घडण बघा. स्थानिक गॅरेजात बांधलेला हौदा वेगळा ओळखू येतो. आणि चालकांशी बोला. कर्जाचे हप्ते, नंबराचे भांडण, कुणाला रात्री फुकट नेले, कुणी भाडे बुडवले, हे कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाही. ती पिढी आता साठीच्या घरात आहे.

तुमच्या घरी अशी छायाचित्रे असतील तर या धाग्याखाली जोडा. प्लेटवरचे शेवटचे आकडे आणि लोकांची नावे झाका, गाव आणि अंदाजे साल तेवढे लिहा.

आमच्या छायाचित्राविषयी एक सांगायचे राहिले. उजव्या कडेला, बॉनेटवर हात टेकवून एक तरुण उभा आहे. डोक्यावर नवी पांढरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. म्हणजे लग्नघराने त्याला मान दिलेला आहे. छायाचित्रकाराने त्याला चौकटीत अर्धेच घेतले. मी काकांना त्याचे नाव विचारले. त्यांना त्याचे गाव आठवले, गाडीचे हॉर्न आठवले, पोळ्या किती खाल्ल्या तेही आठवले. नाव आठवेना. ते आजीला विचारायला आत गेले. तिलाही ते आठवले नाही. एवढेच म्हणाली, की माझ्या धाकट्या आत्याच्या वेळी घाटीला तोच घेऊन गेला होता आणि त्या रात्रीचे पैसे त्याने घेतले नाहीत.